दोनदा उजेड लागलेला रोल

वाईट बातमी सांगायला जायचं असलं की मल्लूअप्पा इस्त्रीचा पांढरा सदरा घालत. एरवी त्यांच्या अंगात रसायनाचे पिवळे डाग पडलेला, बाह्या दुमडलेला कुठलाही सदरा असे. फोटो चांगले आले तर गिऱ्हाईक दुकानात येऊन घेऊन जाई. फोटो बिघडले तर अप्पा स्वतः त्याच्या घरी जात. "फोटो आला न्हाई हे सांगायला दुसऱ्याला धाडायचं नसतंय," ते म्हणत. "आपल्या तोंडानं सांगायचं, अन् ते जे बोलतेत ते आपल्या कानानं ऐकायचं." उदगीरला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता. सकाळी अप्पा पांढऱ्या सदऱ्यात स्कूटर काढताना दिसले की समोरचा चहावाला मला विचारी, "आज कुणाचं बिघडलं?"

बी.ए. झाल्यावर मी त्या स्टुडिओत कामाला लागले आणि बँकेत नोकरी मिळेपर्यंत तिथेच होते. काउंटर सांभाळायचा, पासपोर्टचे फोटो कापायचे, आणि लग्नाचे रोल डब्यांत भरून नांदेडच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, हे माझं काम. रंगीत रोल धुवायला नांदेडच्या लॅबमध्ये जात. दोन-तीन दिवसांनी त्याच गाडीनं पाकीट परत येई. ते पाकीट फोडायच्या आधी अप्पा एकदा खुर्चीत नीट बसून घेत. "डबी बंद हाय तोवर सगळे फोटो चांगले," हे त्यांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही.

आता मोबाइलवर मोठ्या झालेल्या मुलांना हे सांगावं लागतं की तेव्हा फोटो काढला म्हणजे तो आला असं नसे. रोलच्या पट्टीचं टोक कॅमेऱ्यातल्या चाकाच्या खाचेत अडकवायचं असे. ते नीट अडकलं नाही तर वरचा खटका फिरत राही, आकडा पुढे सरके, फ्लॅश पडे, आणि आत पट्टी जागची हललेली नसे. अप्पांचं एक अख्खं बारसं असं गेलं होतं. तेव्हापासून प्रत्येक फोटोनंतर ते कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूची चकती फिरते का ते बघत. ती फिरली म्हणजे आत पट्टी सरकली. नवरदेव घोड्यावर ताटकळलेला असला तरी आधी चकती.

तरी बिघडायचं ते बिघडेच. उदगीरजवळच्या एका खेड्यात नवरीच्या आजोबांनी 'फोटो आले का बघू' म्हणून कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं होतं. भर मांडवात, दुपारच्या उन्हात. अप्पा जेवत होते. हात धुऊन आले तर आजोबा पट्टी बोटांनी बाहेर ओढून बघत होते आणि म्हणत होते, "ह्याच्यात तर कायबी न्हाई." अप्पांनी त्यांच्या हातातून कॅमेरा हळूच घेतला आणि म्हणाले, "होतं, बाबा. आत्तापर्यंत होतं." एकदा मे महिन्यात रोल स्कूटरच्या डिकीत राहिले आणि सगळी वरात नारिंगी आली. त्या घरच्यांना ती आवडली, ही गोष्ट वेगळी.

अप्पांची बायको महानंदाकाकू. स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांतच त्यांचं घर होतं, त्यामुळे दुपारचा चहा मला काकूच देत. त्यांना किडनीचा आजार होता. पाय सुजत, धाप लागे, दर थोड्या दिवसांनी लातूरला दवाखान्यात न्यावं लागे. लग्नकार्याला जाणं बंद होऊन काही वर्षं झाली होती. आम्ही लग्नाहून आलो की त्या बसवून घेऊन विचारत. नवरीची साडी कसली होती, जेवायला काय होतं, कोण रुसलं. मी सांगत असे. अप्पांना यातलं काही सांगता येत नसे. "मी फकस्त उजेड बघतो," ते म्हणत, "साडी सुरेखाला विचार."

काकूंचा एकही फोटो नव्हता. फोटोवाल्याच्या घरात राहून नव्हता. अप्पांनी कॅमेरा रोखला की त्या पदर तोंडावर घेत आणि म्हणत, "माझ्याकडं त्या डब्यातून कामून बघायचं? असंच बघा की." अप्पा हसून कॅमेरा खाली ठेवत. त्यांच्या लग्नात फोटो काढायला कुणी नव्हतं, आणि नंतर राहून गेलं.

त्या उन्हाळ्यात काकू लातूरच्या दवाखान्यात बरेच दिवस राहून परत आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहाला मागे गेले, तर त्या जांभळी इरकल नेसून, केस विंचरून खुर्चीत बसलेल्या. मला म्हणाल्या, "त्यांना बोलव. म्हणावं, आज काढा."

अप्पा आले. आधी दारातच उभे राहिले. मग नवीन रोल भरला. खुर्ची अंगणात शेवग्याच्या सावलीत नेली आणि मला समोर पांढरी चादर धरून उभं केलं, म्हणजे उजेड काकूंच्या तोंडावर पडेल. हजारो लोकांना 'हसा' म्हणणारा तो माणूस त्या दिवशी काही बोलेना. शेवटी काकूच म्हणाल्या, "हसू का असंच राहू?"

"तुला वाटंल तसं," अप्पा म्हणाले.

त्यांनी अख्खा रोल काढला. प्रत्येक वेळी चकती बघितली. ती फिरत होती. संपल्यावर त्यांनी पट्टी परत डबीत गुंडाळली आणि टोक तेवढं बाहेर ठेवलं. लॅबवाल्यांना तसं सोपं जाई. मात्र ते टोक लगेच दुमडायचं असे. दुमडलेलं टोक म्हणजे वापरलेला रोल, सरळ टोक म्हणजे कोरा. अप्पा टोक दुमडणार एवढ्यात काकू उठायला गेल्या आणि त्यांना घेरी आली. अप्पांनी रोल सदऱ्याच्या खिशात टाकला आणि धावत जाऊन त्यांना धरलं. मीही चादर टाकून धावले. काकूंना आत निजवलं, पाणी दिलं. टोक सरळच राहिलं.

दुसऱ्या दिवशी शिरूर अनंतपाळला लग्न होतं. सकाळी निघताना अप्पांनी खिशातला रोल पिशवीत कोऱ्या रोलांबरोबर टाकला.

पाकीट नांदेडहून आलं तेव्हा मी काउंटरवरच होते. अप्पा खुर्चीत बसले, पाकीट फोडलं, वरचे दोन-तीन फोटो बघितले आणि सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मला आधी कळेना. मांडव होता, माणसं होती, आणि त्या सगळ्यांच्या अंगातून शेवग्याच्या फांद्या गेल्या होत्या. मग काकू दिसल्या. प्रत्येक फोटोत होत्या. कुठे नवरदेवाच्या छातीवर त्यांचं तोंड, कुठे त्यांच्या जांभळ्या साडीतून पंगत दिसत होती. एकाच पट्टीवर दोनदा उजेड पडला होता.

अप्पा म्हणाले, "टोक दुमडलं न्हाई मी."

त्या गठ्ठ्यात एकच फोटो असा होता की त्यात सगळं नीट कळत होतं. अंतरपाट नुकताच बाजूला झालेला, नवरी कशाला तरी हसलेली, तिच्या मागे तिचे वडील उपरण्यानं डोळे पुसत असलेले. आणि उजव्या बाजूला, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून काकू बसलेल्या. लग्नाला आलेल्या बाईसारख्या. फक्त त्यांच्या अंगातून मागचा मांडव दिसत होता.

अप्पांनी फोटो काकूंना नेऊन दाखवले. मला वाटलं होतं त्या चिडतील किंवा रडतील. त्यांनी एकेक फोटो लांब धरून बघितला. तो एक हातात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं की. लग्नाला जाऊन आले."

"पुन्हा काढू," अप्पा म्हणाले. "उद्याच काढू."

"नगं. पुन्हा नेसायचं त्राण न्हाई मला. एवढा माझ्यापाशी राहू द्या."

अप्पांनी पांढरा सदरा घातला आणि शिरूरला गेले. नवरीकडच्यांनी ऐकून घेतलं. वरातीचा रोल चांगला होता, बिघडला होता तो नेमका लग्न लागतानाचा. नवरी, उज्ज्वला तिचं नाव, माहेरी येणार होती तेव्हा सगळ्यांनी तेच कपडे घालून पुन्हा उभं राहायचं ठरलं. त्या दिवशी बायकांना नीट सांगायला, साड्या-दागिने आधीसारखे लावायला म्हणून अप्पांनी मला बरोबर नेलं.

फोटो काढून झाले. अंतरपाट पुन्हा धरला, पुन्हा बाजूला केला. वडिलांना कुणीतरी सांगितलं, डोळे पुसल्यासारखं करा. त्यांनी केलं. नवरी हसली, पण ते सांगून हसणं होतं. मग नवरदेवाच्या मामांनी विचारलं, "बिघडलेले कुठं हायत?"

अप्पांनी पिशवीतून पाकीट काढून दिलं. मामांनी बघितलं. "ही बाई कोण?"

"माझी मंडळी," अप्पा म्हणाले. "आजारी हाय."

मामा आवाज न चढवता बोलले, हे मला आठवतं. "हे बघा मास्तर, तुमची गलती झाली, ते आम्ही सोडून दिलं. पर नव्या नवरीच्या अंगावर आजारी बाई बसलेली, हे कुठं राहायला नको. तुमच्याकडंबी नको. निगेटिव्ह आणली का?"

"आणली."

"मंग इथंच जाळा. आमच्या समोर."

उज्ज्वलाचे वडील म्हणाले, "अहो, राहू द्या, त्यांच्या घरचं माणूस हाय त्यात." पण ते मुलीचे बाप होते आणि त्यांचा आवाज तेवढाच निघाला. उज्ज्वला दारात उभी होती. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही.

अंगणात आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला होता. अप्पा त्याच्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी फोटो आधी टाकले, मग निगेटिव्हच्या पट्ट्या एकेक करून. त्या आकसत, वळत आणि काळ्या होत. वास सुटला. अप्पांच्या तोंडावर काहीच नव्हतं. लाकूड सारावं तसं ते काम करत होते. झाल्यावर त्यांनी हात झटकले, मामांना विचारलं, "झालं?" आणि कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावली. एक फोटो घरी आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. स्वतःच्या तोंडानं सगळं सांगणाऱ्या त्या माणसानं लपवलेली तेवढी एकच गोष्ट मला माहीत आहे.

परतीच्या गाडीत ते खिडकीला बसले होते. उदगीर यायच्या जरा आधी म्हणाले, "हिला सांगू नको, सुरेखा."

काकू दसऱ्याच्या आधी गेल्या. मी गेले तेव्हा अप्पा ओसरीवर बसून येणाऱ्याला पाणी देत होते. बायका म्हणत होत्या, रडले नाहीत, रडायला हवं. चौदाव्या दिवसानंतर त्यांनी स्टुडिओ उघडला आणि पहिल्या गिऱ्हाइकाला हनुवटी जरा वर घ्यायला सांगितली. ते काम करत, जेवत, झोपत. कुणी विचारलं तर म्हणत, "चालू हाय." चकती बघणं मात्र सुटलं. मी एकदा म्हटलं, "अप्पा, फिरते का बघितलं नाही तुम्ही." ते म्हणाले, "फिरत आसंल."

त्यांचा मुलगा महादेव लातूरला नोकरीला होता. भिंतीवर लावायला आईचा फोटो पाहिजे, म्हणून तो त्या एका फोटोतून नुसती काकूंची मूर्ती कापून मोठी करता येईल का, असं विचारत आला. लॅबवाले म्हणाले, होणार नाही. कापली तर पाठीमागचा मांडव बरोबर येतो, तो तिच्या आतच आहे. त्यामुळे त्या घरात काकूंचा हार घातलेला फोटो भिंतीवर आलाच नाही. तो एक फोटो अप्पांच्या गल्ल्यात आडवा पडून असे.

पुढच्या उन्हाळ्यात उज्ज्वला आली. बरोबर आई होती. मला वाटलं पासपोर्ट फोटो काढायचा असेल. तिनं अप्पांना नमस्कार केला आणि म्हणाली, "अप्पा, तो एखादा राहिला का? बिघडलेल्यातला?"

अप्पांनी काउंटरवरची पाकिटं सारखी केली.

"परत काढलेले चांगले आलेत," ती म्हणाली. "पण त्यात आमचे बापू रडल्यासारखं करून राहिलेत. अन् मी कशी हसते ते मलाच वळखू येत नाही. खऱ्यातला एकबी नाही आमच्याकडं."

"घरचे काय म्हणतील?" मी विचारलं.

"आम्ही आता पुण्याला राहतो. तिथं मी ठेवीन. मामा काय बघायला येतेत होय?"

अप्पांनी गल्ला उघडला आणि फोटो तिच्यापुढे ठेवला. ती वाकून बघत राहिली. मग काकूंवर बोट ठेवून म्हणाली, "ह्या बऱ्या आहेत का आता?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "गेली."

उज्ज्वलानं फोटो परत सरकवला. "मग राहू द्या. मला माहीत नव्हतं."

"ने," अप्पा म्हणाले. "तुझ्या बापाचा हाय तो."

ती नको म्हणत राहिली. अप्पांनी फोटो पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि तिच्या आईच्या हातात दिलं. मग ते आत गेले. त्या दोघी निघाल्यावर मी मागे गेले. मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे दुसरा नाही हे कसं विसरलात, आधी कॉपी तरी काढायची. ते म्हणाले, "इसरलो न्हाई. गल्ल्यात अंधारात पडून होती. पुण्याला तिच्या घरी चार लोकं येतील, ही कोण म्हून इचारतील. ती पोरगी सांगंल." महादेवला हे कळलं तेव्हा तो बापाशी कित्येक महिने बोलला नाही.

मला बँकेत नोकरी लागली, लग्न होऊन मी लातूरला आले. मोबाइलमध्ये कॅमेरे आले, रोल संपले, नांदेडची लॅब बंद पडली. अप्पांनी स्टुडिओ विकला आणि महादेवच्या फ्लॅटवर राहायला आले. अधूनमधून मी जात असे. ते गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असत. नातू मोबाइलवर त्यांचे फोटो काढी, आणि अप्पा त्याला म्हणत, "आला का लगेच? बरं हाय." त्यात ना कौतुक होतं, ना तक्रार.

मागच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा घरात ते आणि सून दोघंच होते. सून चहा करायला आत गेली. अप्पा मला म्हणाले, "तू चांगला बघितला होतास न्हवं तो फोटो?"

कोणता, हे विचारावं लागलं नाही. "हो, अप्पा."

"मला तिचं तोंड याद येत न्हाई आता. आवाज येतोय. चालणं येतंय. तोंड न्हाई येत." आज भाजीला काय आहे हे सांगावं तसं ते सांगत होते. "लोकांचे येतेत. त्या झाकण उघडणाऱ्या म्हाताऱ्याचं बी येतंय."

मी म्हणाले, "उज्ज्वलाचा नंबर मिळेल, अप्पा. शिरूरला चौकशी करते. तिनं मोबाइलवर काढून पाठवला की लगेच बघता येईल."

"नगं," ते म्हणाले. "फोटोत ती अर्धीच हाय. मांडवच जास्त दिसतोय. तू तिला पुरी बघितलीस. सांग."

मी सांगायला लागले. काकूंचं कपाळ रुंद होतं. केस मधून विंचरलेले, कानावर थोडे पांढरे. भुवया विरळ. डाव्या गालावर नाकाशेजारी लहानसा तीळ. अप्पांनी डोळे मिटले होते. प्रत्येक गोष्टीला ते "हाव" म्हणत.

"हसत होती का?"

"हसू का विचारलं होतं त्यांनी. तुम्ही म्हणालात, तुला वाटेल तसं. मग त्या हसल्या नाहीत, पण हसणार होत्या, असं तोंड होतं."

"हाव," अप्पा म्हणाले. "अन् बांगड्या?"

बांगड्या मला आठवत नव्हत्या. "हिरव्या," मी म्हणाले.

"हाव."

सून चहा घेऊन आली. अप्पांनी डोळे उघडले, बशीत ओतून चहा प्यायले, आणि मला म्हणाले, ऊन कमी झालंय, नीघ आता.

अप्पा गेल्याचं मला बँकेत, व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. मी निरोप वाचला, फोन पालथा ठेवला आणि समोरच्या बाईंचं पासबुक छापून दिलं. संध्याकाळी महादेवकडे जाऊन आले, घरी येऊन पोळ्या केल्या. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. काकूंना आठवायला गेले की आता मला फोटो दिसत नाही, अंगणातली खुर्चीही दिसत नाही. मी अप्पांना सांगितल्या तशा त्या दिसतात, आणि त्यांच्या हातात हिरव्या बांगड्या असतात.